घरी ऑनलाइन सॉफ्टवेअरच्या मदतीने मुलांना गणित शिकवताना

संगणकावर किंवा टॅबलेटवर गणित सोडवणाऱ्या मुलाच्या शेजारी थोडा वेळ बसले, की एक गोष्ट लक्षात येते. सॉफ्टवेअरला मुलाचे उत्तर दिसते; त्या उत्तरापर्यंत ते कोणत्या वाटेने पोहोचले, हे बहुतेक वेळा दिसत नाही. उत्तर बरोबर आले की हिरवी खूण उमटते आणि पुढचे उदाहरण येते. उदाहरणे पुरवणे, ती तत्काळ तपासणे आणि न कंटाळता पुन्हा पुन्हा देणे ही कामे सॉफ्टवेअर कोणत्याही पालकापेक्षा चांगली करते. मुलाने कोणती रीत वापरली आणि ती त्याला का पटली, हे विचारण्याचे काम मात्र घरातल्या मोठ्या माणसानेच करायचे असते, आणि माझ्या मते घरच्या गणिताचे यश बहुतांशी या एका कामावर अवलंबून असते.

ही काळजी संगणकाच्याही आधीची आहे. स्टॅन्ली अर्लवँगर या संशोधकाने १९७३ मध्ये बेनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाने आपापल्या गतीने संच सोडवायचे, उत्तरे ठरलेल्या उत्तरसूचीशी ताडली जायची आणि पुरेशी बरोबर आली की पुढच्या संचाकडे जायचे, अशा पद्धतीने बेनी गणित शिकत होता आणि त्याची प्रगती चांगली मानली जात होती. अर्लवँगर यांनी त्याच्याशी सविस्तर बोलल्यावर वेगळेच चित्र समोर आले. अपूर्णांकाचे दशांश रूप लिहिताना बेनी अंश आणि छेद यांची बेरीज करून मध्ये दशांशचिन्ह देत होता. त्यामुळे २/१० चे १.२ होत होते आणि ५/१० चे १.५. त्याच्या हिशेबाने ४/११ आणि ११/४ या दोन्हींचे उत्तर १.५ येत होते, आणि त्यात त्याला काहीही खटकत नव्हते. बेनीचे संच कागदी होते, पण आजच्या सराव-सॉफ्टवेअरची मूळ रचना त्याहून फार निराळी नाही.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते शोधावे

सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी एक वही आणि पेन्सिल घेऊन मुलाबरोबर अर्धा तास बसावे. परीक्षा घेतो आहोत असे वातावरण नसावे. त्याच्या इयत्तेतील आणि त्याआधीच्या दोन इयत्तांतील निवडक उदाहरणे द्यावीत आणि ती सोडवताना काय करतो आहेस ते बोलून दाखव, एवढेच सांगावे. ५२ − २७ चे उत्तर ३५ लिहिणारे मूल निष्काळजी असतेच असे नाही. एककस्थानी २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ते ७ मधून २ वजा करते. मोठ्यातून लहान वजा करायचे हा नियम त्याने स्वतःच तयार केलेला असतो आणि तो ते प्रत्येक उदाहरणात निष्ठेने पाळत असते. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतील अशा पद्धतशीर चुकांची मांडणी केली होती. त्यांनी तयार केलेल्या ‘बगी’ या संगणकीय खेळात भावी शिक्षकांना चुकीची उत्तरे पाहून त्यांमागचा चुकीचा नियम ओळखावा लागे. पालकांनी वहीसमोर बसून करायचे ते हेच.

आणखी एक उदाहरण द्यावे: ८ + ४ = □ + ५. अनेक मुले चौकटीत १२ लिहितात, काही १७ लिहितात. बरोबर उत्तर ७ आहे. १२ लिहिणाऱ्या मुलाला बेरीज येते, पण बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ अशी आज्ञा असे त्याने धरलेले असते. दोन्ही बाजू सारख्या आहेत हा त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. हीच समजूत घेऊन ते पुढे समीकरणांकडे गेले, तर तिथे सगळेच अवघड होऊन बसते. म्हणून सहावीतील मुलाची अडचण तिसरीच्या घटकात सापडली, तर सॉफ्टवेअरमध्ये तिसरीचा घटक उघडून द्यावा. यात कमीपणा वाटण्याची शक्यता असते. इयत्तेचे नाव पडद्यावर न दाखवणारे किंवा घटकांनुसार मांडणी केलेले सॉफ्टवेअर अशा वेळी सोयीचे पडते.

सॉफ्टवेअर निवडताना

ढोबळमानाने अशा सॉफ्टवेअरचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात धडे, चित्रफिती आणि सराव असतो. अमेरिकेतील शिक्षक सलमान खान (अभिनेते नव्हेत) यांनी सुरू केलेली खान अकादमी ही ना-नफा तत्त्वावरील संस्था असून तिचे गणिताचे धडे आणि सराव विनामूल्य आहेत. दुसऱ्या प्रकारात बरोबर-चूक अशी खूणच नसते. मूल काहीतरी हलवून, बदलून पाहते आणि काय होते ते निरखते. मार्कुस होहेनवॉर्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात सुरू केलेले जिओजेब्रा, नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांच्या पुढाकाराने कोलोराडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेला फेट हा प्रकल्प, आलेख काढण्यासाठी डेसमॉस, आणि मुलांना ठोकळे जोडून संगणकाचे प्रोग्रॅम रचता यावेत म्हणून २००७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबने खुले केलेले स्क्रॅच ही या प्रकारातील ठळक नावे आहेत. पालक सहसा पहिल्या प्रकारावर थांबतात, कारण त्यात गुण दिसतात. दोन्ही प्रकार लागतात: एकाने हात बसतो, दुसऱ्याने कल्पना स्पष्ट होते.

निवडलेले सॉफ्टवेअर मुलाच्या हाती देण्यापूर्वी पालकांनी स्वतः त्यावर एक पूर्ण घटक सोडवावा आणि त्यात मुद्दाम चुका कराव्यात. चूक केल्यावर काय होते, यावरून सॉफ्टवेअरची खरी पारख होते. केवळ लाल फुली दाखवून पुढे नेणारे सॉफ्टवेअर फारसे उपयोगी नाही. चूक झाली की आकृती, संख्यारेषा किंवा पायरीवार स्पष्टीकरण दाखवणारे आणि त्याच प्रकारचे दुसरे उदाहरण देणारे सॉफ्टवेअर चांगले. उत्तरांचे पर्यायच द्यायचे आणि त्यांतून एक निवडायचा, अशीच सगळी उदाहरणे असतील, तर अंदाजाने निभावता येते; काही उत्तरे टंकून किंवा आकृतीत दाखवून द्यावी लागतात का, तेही पाहावे. जाहिराती, अनोळखी व्यक्तींशी संवादाची सोय आणि पैसे मागणारी बक्षिसे असतील, तर दुसरे सॉफ्टवेअर शोधावे. खाते पालकांच्या ईमेलवर उघडावे आणि मुलाचे पूर्ण नाव, शाळा किंवा छायाचित्र त्यात देऊ नये.

भाषेचाही विचार करावा. मूल मराठीतून शिकत असेल आणि सॉफ्टवेअर इंग्रजीतून असेल, तर वहीच्या शेवटच्या पानावर छेद म्हणजे डिनॉमिनेटर, अंश म्हणजे न्यूमरेटर, लसावि म्हणजे एलसीएम अशी जोडयादी करत जावे. मोठ्या संख्यांचे स्वल्पविरामही अशा सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या जागी असतात: आपण १,००,००० लिहितो तिथे पडद्यावर १००,००० दिसते. हे आधी सांगून ठेवले नाही, तर मूल स्थानिक किमतीत चुकते आहे असा गैरसमज होतो.

प्रत्यक्ष सराव करून घेताना

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना एका बैठकीत वीस ते पंचवीस मिनिटे पुरेशी होतात आणि रविवारी सलग दोन तास बसवण्यापेक्षा आठवड्यातून चार-पाच दिवस थोडे थोडे करणे केव्हाही चांगले. शिकलेले किती वेगाने विसरले जाते आणि विभागून केलेली उजळणी कशी टिकते, हे हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते. अगदी लहान मुलांसाठी सॉफ्टवेअरची घाई करू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडद्यासमोर दिवसाला एका तासापेक्षा जास्त वेळ घालवू देऊ नये आणि तो त्याहून कमी असल्यास अधिक चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. त्या वयात जिन्याच्या पायऱ्या मोजणे आणि मणी ओवणे यांतून संख्येची जी जाण येते, ती पुरेशी असते.

बसण्याची जागा घरातल्या वावराच्या खोलीत असावी, पडद्याशेजारी वही उघडी असावी आणि एक नियम पहिल्या दिवसापासून असावा: एकाहून जास्त पायऱ्यांचे प्रत्येक उदाहरण वहीत सोडवायचे आणि पडद्यावर फक्त उत्तर भरायचे. मुलांना हा नियम सुरुवातीला जाचक वाटतो, पण तो सोडू नये. वही नसेल तर चूक कुठे झाली ते शोधण्यासाठी हाती काहीच उरत नाही. चुकलेल्या उदाहरणावर तारीख घालून खूण करावी. ते खोडू नये.

आता एक बैठक जवळून पाहू. पडद्यावर प्रश्न येतो: ०.३५ आणि ०.८ यांपैकी मोठी संख्या कोणती? मूल ०.३५ निवडते, कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे आहेत. लाल खूण येते, स्पष्टीकरण दिसते, मूल ते भराभर पुढे सरकवते. पुढचा प्रश्न ०.६ आणि ०.४७ यांचा असतो. या वेळी ते ०.६ निवडते आणि हिरवी खूण येते. त्यानंतरची ०.९ आणि ०.२५ ही जोडीही बरोबर सुटते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मूल शिकले. अशा वेळी शेजारी बसलेल्या आईने किंवा बाबांनी शांतपणे विचारावे, “०.६ मोठे हे तू कसे ठरवलेस?” उत्तर येते, “त्यात आकडे कमी आहेत ना!” म्हणजे ‘जास्त आकड्यांची संख्या मोठी’ हा जुना चुकीचा नियम टाकून मुलाने ‘कमी आकड्यांची संख्या मोठी’ हा नवा चुकीचा नियम धरला आहे, आणि योगायोगाने पुढची दोन्ही उदाहरणे त्या नियमात बसली.

इथे लगेच बरोबर नियम सांगण्याचा मोह आवरावा. वहीत ० ते १ अशी रेषा काढून तिचे दहा समान भाग करावेत आणि ०.८ कुठे येईल ते मुलालाच दाखवू द्यावे. मग ०.३५ विचारावे. ते ०.३ आणि ०.४ यांच्या मधोमध आहे हे त्याच्या लक्षात येण्यास थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ द्यावा. त्यानंतर त्याचा नवा नियम मोडेल असे उदाहरण द्यावे: ०.३ आणि ०.४७. शेवटी ०.५ आणि ०.५० ही जोडी द्यावी, कारण त्यात दोन्ही चुकीचे नियम एकदमच निरुपयोगी ठरतात. या सगळ्याला फार तर दहा मिनिटे लागतात, आणि त्या दिवशी पडद्यावरची बाकीची उदाहरणे राहिली तरी हरकत नाही.

“तुला हे कसे कळले?” हा प्रश्न फक्त चुकल्यावर विचारू नये. तसे केले, तर प्रश्न ऐकताच मूल आपले उत्तर खोडू लागते. तीन बरोबर उत्तरांमागे एखाद्या वेळी तो सहज विचारावा आणि ऐकताना मध्ये दुरुस्ती करू नये. मुलाने आपल्याला माहीत नसलेली रीत वापरली असेल, तर ती आणखी एका उदाहरणावर लावून पाहावी. मुलांच्या स्वतःच्या रीती बऱ्याचदा बरोबर असतात. ९९ + ४७ करताना १०० मध्ये ४७ मिळवून १ कमी करणाऱ्या मुलाला उभ्या मांडणीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

सूचना, चित्रफिती आणि तयार उत्तरे

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सूचना मागण्याची सोय असते आणि शेवटच्या सूचनेत उत्तरच मिळते. मुलांना हे फार लवकर कळते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील रायन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नोंदवले होते की काही विद्यार्थी विचार न करता सूचनांचे बटण दाबत राहतात किंवा एकामागून एक उत्तरे टाकून पाहतात, आणि असे करणारे विद्यार्थी कमी शिकतात. याला शिक्षा हा उपाय नाही. आधी वहीत एक प्रयत्न, मग एक सूचना, ती वाचल्यावर पडदा झाकून तिचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगणे आणि मग पुढचा प्रयत्न, असा क्रम ठेवावा. मूल वारंवार सूचनांकडे वळत असेल, तर बहुधा घटक त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. तेव्हा एक पायरी मागे जावे.

मात्र पूर्ण सोडवलेले उदाहरण पाहणे म्हणजे लबाडी, असेही समजू नये. बीजगणितात नवख्या विद्यार्थ्यांना नुसती उदाहरणे सोडवत बसण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासल्याने अधिक फायदा होतो, असे जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये दाखवले. नवा घटक सुरू करताना दोन सोडवलेली उदाहरणे एकेका पायरीवर थांबत वाचावीत, प्रत्येक पायरीला “हे का केले?” असे विचारावे आणि लगेच तिसरे तसेच उदाहरण मुलाने स्वतः सोडवावे. चित्रफितीही अशाच पाहाव्यात: शिकवणाऱ्याने उदाहरण मांडले की थांबवायचे, वहीत सोडवायचे आणि मग पुढे पाहायचे. सलग पाहिलेल्या चित्रफितीतून सगळे समजल्यासारखे वाटते, पण वही उघडली की काहीच सुचत नाही.

छायाचित्र काढताच सगळ्या पायऱ्या दाखवणारी फोटोमॅथसारखी ॲप्स आता सहज मिळतात आणि त्यांवर बंदी घालून फारसा उपयोग होत नाही. आपले उत्तर वहीत लिहून झाल्यावरच ते ॲप उघडायचे आणि आपल्या पायऱ्या त्याच्या पायऱ्यांशी ताडायच्या, एवढा शिरस्ता पाळला तर तेही शिकण्याचे साधन होते.

पाढ्यांच्या सरावासाठी घड्याळ लावणारे खेळ मुलांना आवडतात. आधी रीत, मग वेग, हा क्रम मात्र सोडू नये. ७ × ८ आठवत नसेल, तर ५ × ८ चे ४० आणि २ × ८ चे १६ मिळून ५६, हे मुलाला जुळवता यायला हवे. ते जमू लागल्यावर घड्याळ लावावे. घड्याळ पाहून मूल घाबरत असेल, तर ते बंद ठेवावे.

करून पाहण्याचे गणित

आठवड्यातील एक बैठक सराव बाजूला ठेवून दुसऱ्या प्रकारच्या सॉफ्टवेअरला द्यावी. फेटमध्ये गुणाकार आयताच्या क्षेत्रफळाने दाखवणारी कृती आहे. तिच्यात १४ × २३ हा आयत १० आणि ४, २० आणि ३ असा विभागला की २००, ३०, ८० आणि १२ असे चार तुकडे दिसतात आणि त्यांची बेरीज ३२२ होते. कागदावरच्या गुणाकारात दुसऱ्या ओळीत शून्य का द्यायचे, हे अनेक मुलांना इथे पहिल्यांदा कळते, आणि हाच आयत पुढे बीजगणितातील विस्तारालाही उपयोगी पडतो.

मोठ्या मुलांसाठी जिओजेब्रात त्रिकोण काढून त्याचे कोन मोजून ठेवावेत आणि एक शिरोबिंदू ओढत राहावे. कोन बदलतात, बेरीज १८०° राहते. त्याच तऱ्हेने डेसमॉसमध्ये सरळ रेषेच्या समीकरणातील चढ हलवता येईल असा ठेवावा आणि हलवण्याआधी मुलाला अंदाज सांगायला लावावा: चढ २ चा −२ केला, तर रेषा कशी दिसेल? आधी अंदाज, मग कृती, मग फरक कशामुळे पडला याची चर्चा. अंदाज न करता नुसती पट्टी सरकवली, तर ती गंमत होते, गणित होत नाही.

अहवाल वाचताना

पालकांच्या खात्यावर येणाऱ्या साप्ताहिक अहवालात किती मिनिटे आणि किती गुण, हे ठळक छापलेले असते आणि तेच सर्वांत कमी उपयोगाचे असते. कोणत्या घटकात सूचना जास्त लागल्या, कोणते उदाहरण दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुटले आणि कोणता घटक मूल टाळते आहे, ते पाहावे. ‘प्रावीण्य’ मिळाल्याची खूण आलेल्या घटकातील तीन उदाहरणे आठवड्याभराने कोऱ्या कागदावर द्यावीत. ती सुटली, तर खूण खरी. बक्षिसे, पदके आणि क्रमवारी यांवर घरात चर्चा करू नये. भावंडांच्या गुणांची तुलना तर मुळीच नको.

आपलेच गणित कच्चे आहे म्हणून अनेक पालक या कामापासून दूर राहतात. त्यांनी एक अभ्यास आवर्जून लक्षात घ्यावा. शिकागो परिसरातील पहिलीच्या मुलांनी पालकांबरोबर टॅबलेटवर गणिताच्या छोट्या गोष्टी वाचल्या आणि त्यांवरचे प्रश्न सोडवले, तेव्हा ज्यांच्या पालकांना गणिताची भीती वाटत होती अशा मुलांना वर्षभरात विशेष फायदा झाल्याचे २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यासाठी पालकांना फार गणित यावे लागले नाही. “मलाही गणित कधी जमले नाही” हे वाक्य मुलासमोर टाळावे आणि “मला हे आठवत नाही, आपण दोघे शोधू” असे म्हणावे. ज्या घटकाचे उत्तर पालकांना खरोखरच ठाऊक नसते, तिथे मूल अधिक मोकळेपणाने समजावून सांगते, असा माझा अनुभव आहे.

दोन महिने नियमित सराव करूनही मूल एकाच जागी अडकले असेल, तर सॉफ्टवेअर बदलत राहण्यापेक्षा तारखा घातलेली वही घेऊन शाळेतील गणिताच्या शिक्षकांना भेटावे. त्या वहीतल्या चुका त्यांना कोणत्याही अहवालापेक्षा जास्त सांगतील. वय वाढूनही लहान बेरजांसाठी प्रत्येक वेळी बोटे मोजावी लागणे, दोन संख्यांतील मोठी कोणती हे चटकन न कळणे, घड्याळ आणि पैशांचा हिशेब न जमणे अशी लक्षणे एकत्र दिसत असतील, तर डिस्कॅल्क्युलिया या अध्ययन-अडचणीची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. निदान झाल्यास सरावाचा वेग, घड्याळाचा वापर आणि घटकांचा क्रम तज्ज्ञांच्या सल्ल्याने नव्याने ठरवावा, आणि घरी कोणते सॉफ्टवेअर कोणत्या पातळीवर चालू आहे, हे शिक्षकांना लेखी कळवावे.